कडुनिंबाचे शेंडे वाळले म्हणजे झाड मेलं का? करवत लावण्याआधी हे तपासा

डिसेंबरात मामांचा फोन आला. "अरे, दारातला लिंब गेला बघ. शेंड्याकडून पार तांबडा पडलाय. करवतवाला सोमवारी येतोय. तुझ्या त्या मोबाइलमध्ये झाडाचा रोग कळतो म्हणतात, तेवढं बघून सांग."

मामांचं गाव नसरापूरजवळ, भोर तालुक्यात. दारातला कडुनिंब आजोबांनी लावलेला. मामांनी व्हॉट्सॲपवर चार फोटो पाठवले. मी ते दोन वेगवेगळ्या ॲपमध्ये टाकले. एकाने सांगितलं, पालाशची कमतरता. दुसऱ्याने सांगितलं, करपा. दोन्ही उत्तरं ठाम होती आणि दोन्ही उत्तरांवरून मामांना काय सांगायचं ते कळेना. मग मामांना म्हटलं, "सोमवारचं रद्द करा, मी रविवारी येतो."

हा लेख त्या रविवारी आणि त्यानंतर जे शिकलो त्याबद्दल आहे. गेल्या काही वर्षांत कडुनिंबाचे शेंडे वाळल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. अशा वेळी झाड मेलंय की नाही हे घरच्या घरी कसं ओळखायचं, फोन कुठे कामाला येतो आणि कुठे नाही, आणि घाईने झाड तोडणं का महागात पडू शकतं, हे एकेक करून बघू.

हा रोग नेमका काय आहे?

कडुनिंबाच्या शेंडेमर रोगाला शास्त्रज्ञ 'डायबॅक' म्हणतात. नाव अगदी सरळ आहे: फांदी टोकाकडून मागे मागे मरत येते. भारतात याला मुख्यतः जबाबदार धरली जाणारी बुरशी म्हणजे 'फोमॉप्सिस अझाडिराक्टी'. १९९७ मध्ये म्हैसूर विद्यापीठातल्या संशोधकांनी तिचं वर्णन करून तिला हे नाव दिलं. म्हणजे हा रोग कालपरवाचा नाही. पण २०२१ च्या पावसाळ्यानंतर तेलंगणात रस्त्याकडेची कडुनिंबाची झाडं मोठ्या संख्येने तपकिरी पडली, तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं.

बुरशीचं कामकाज असं चालतं:

१. वाळलेल्या काडीच्या सालीत टाचणीच्या डोक्याहून बारीक काळे ठिपके तयार होतात. ही बुरशीची बीजाणू साठवायची कुपी.

२. पाऊस पडला, काडी भिजली, की या कुप्या फुगतात आणि बीजाणू बाहेर येतात. पावसाच्या थेंबांनी उडून ते शेजारच्या कोवळ्या शेंड्यावर पडतात.

३. कोवळ्या शेंड्यावर जखम असेल तर काम आणखी सोपं. ही जखम बऱ्याचदा एक कीड करते. काजूवाले तिला ढेकण्या म्हणतात, इंग्रजी नावावरून 'टी मॉस्किटो बग'. ही कीड कोवळ्या शेंड्यात सोंड खुपसून रस पिते आणि तिच्या लाळेने तेवढा भाग काळा पडतो. नुसत्या या किडीनेही शेंडे वाळतात. बुरशी मागून आली तर दुप्पट नुकसान.

४. ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू झालेलं वाळणं पावसाळा संपताना वाढतं आणि हिवाळ्यात सगळ्यात भेसूर दिसतं. मामांचा फोन डिसेंबरात का आला, त्याचं उत्तर इथे आहे.

५. मोहर आणि निंबोळ्याही सुटत नाहीत. बुरशी फळात शिरते, बियांत शिरते. अशा बियांपासून केलेल्या रोपांबरोबर ती नव्या जागी पोचते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ही बुरशी प्रामुख्याने शेंड्यांवर काम करते. मोठ्या झाडाचं खोड आणि जाड फांद्या बहुतेक वेळा जिवंत राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तिथून नवी पालवी फुटते. तेलंगणातही असंच झालं होतं. हिवाळ्यात मेल्यासारख्या दिसणाऱ्या बऱ्याच झाडांना पुढे पालवी आली. म्हणजे डिसेंबरात झाडाचा निकाल लावणं हे परीक्षेच्या मध्यातच पेपर काढून घेण्यासारखं आहे.

ॲप का चुकलं?

ॲपवर राग काढायचं कारण नाही, त्याची मर्यादा समजून घेतली की झालं. अशा ॲपला हजारो फोटो दाखवून शिकवलेलं असतं: हे पान या रोगाचं, ते पान त्या रोगाचं. नवा फोटो आला की ते सगळ्यात जवळचं साम्य शोधतं. टोमॅटो, द्राक्ष, कापूस अशा पिकांचे फोटो भरपूर असतात, म्हणून तिथे ॲप बऱ्यापैकी चालतं. दारातल्या कडुनिंबाचे रोगी फोटो त्यामानाने कमी. शिवाय यादीबाहेरचं उत्तर ॲपला देता येत नाही. यादीतलंच काहीतरी ते निवडतं.

दुसरी अडचण त्याहून मूळची आहे. वाळलेलं पान हे लक्षण आहे, कारण नाही. बुरशी, कीड, पाण्याचा ताण, मुळांना झालेली इजा, शेजारच्या शेतातून उडालेलं तणनाशक, सगळ्यांचा शेवट तपकिरी पानातच होतो. आपल्याला कारण कळतं ते झाडावरच्या मांडणीवरून: वाळणं कुठून सुरू झालं, कुठे थांबलं, जिवंत आणि मेलेल्या भागात सीमा आहे का. दहा फूट खालून काढलेल्या फोटोत हे काहीच येत नाही.

मग उपग्रह? सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात आणि साधारण दर पाच दिवसांनी नवं चित्र येतं. झाडांचा हिरवेपणा मोजायला ती उत्तम आहेत. पण त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन. मामांचं अख्खं झाड त्यातल्या एका-दोन ठिपक्यांत संपतं. आणि रोग पसरतो पावसाळ्यात, जेव्हा भोर-वेल्ह्यावर ढगांची चादर असते. जंगलाच्या मोठ्या पट्ट्यासाठी उपग्रह कामाचा, दारातल्या झाडासाठी नाही. दारातल्या झाडाला आपणच हात लावायचा.

घरी करायच्या तीन तपासण्या

*नखाची तपासणी.* पेन्सिलीएवढी जाड फांदी धरा आणि नखाने किंवा चाकूने साल थोडी खरवडा. खाली ओलसर हिरवा थर दिसला तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर तेवढा भाग मेला. मग हळूहळू खोडाकडे सरकत तपासत या. हिरवं कुठे सुरू होतं तिथे सुतळी बांधून ठेवा. मामांच्या झाडावर शिडी लावून आम्ही सहा फांद्या तपासल्या. टोकाकडचा हातभर भाग मेलेला, त्याच्या मागे सगळीकडे हिरवं. मामांनी स्वतःच्या नखाने दोनदा खरवडून बघितलं, तेव्हा त्यांचा विश्वास बसला.

*सुतळीची तपासणी.* दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा खरवडा. मेलेला भाग सुतळीच्या पुढे, खोडाकडे सरकलाय का? जागच्या जागी असेल तर झाडाने रोग तिथे अडवलाय. भरभर सरकत असेल तर मात्र तज्ज्ञाला दाखवा.

*डब्यातली तपासणी.* जिथे जिवंत आणि मेलेला भाग मिळतो, बरोबर त्या सीमेवरचा बोटभर तुकडा कापा. पूर्ण वाळलेली काडी घेऊ नका, कारण मेलेल्या लाकडावर कुठल्याही बुरशा येतात आणि फसगत होते. तुकडा स्वच्छ पाण्याने धुवा. झाकणाच्या डब्यात ओला टिश्यू पेपर घालून त्यावर ठेवा, सावलीत आठवडाभर. मग दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून किंवा फोनच्या मॅक्रो लेन्समधून बघा. सालीत रुतलेले काळे ठिपके दिसले तर बुरशीचा संशय बळावतो. इथे फोन खरा कामाला येतो: रोज त्याच जागेचा फोटो काढा, म्हणजे बदल नजरेत येतो.

आमच्या डब्यात सहाव्या दिवशी ठिपके दिसले. पण ठिपके दिसले म्हणजे बुरशीचं नाव कळलं असं नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत तुकडा बटाट्याच्या अर्काच्या माध्यमावर वाढवतात आणि बुरशीच्या डीएनएमधला 'आयटीएस' नावाचा भाग वाचतात. बुरशी ओळखण्याचा हा जगभरात वापरला जाणारा बारकोड आहे. पुणे जिल्ह्याच्या लोकांचं नशीब चांगलं: पुण्याच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र विभाग आहे आणि आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. गावातली बरीच झाडं एकदम वाळत असतील तर नमुना नेऊन विचारा. एका झाडाचा प्रश्न असेल तर थांबायचं की तोडायचं हे ठरवायला बुरशीचं पूर्ण नाव लागत नाही. नखाखालचा हिरवा रंग पुरतो.

वेल्ह्याचं झाड: दिसायला तेच, कारण वेगळं

मामांकडची गोष्ट मावशीला कळली. मावशी विंझरला, वेल्हे तालुक्यात. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या घरात अजून वेल्हेच. "आमचाही लिंब तसाच झालाय, येताना बघून जा," म्हणाली.

चेलाडी फाट्यावरून मार्गासनीकडे निघालं की कडुनिंब कमी होत जातात. कडुनिंबाला कोरडी, पाणी न साचणारी जमीन मानवते. तोरणा-राजगडाच्या बाजूला पाऊस वाढतो तशी जांभूळ, आंबा, हिरडा ही मंडळी पुढे येतात. त्यामुळे त्या भागातला कडुनिंब आधीच थोडा परक्या घरी राहिल्यासारखा असतो.

मावशीचं झाड लांबून मामांच्या झाडासारखंच तपकिरी होतं. जवळ गेल्यावर फरक दिसला. वाळणं सगळ्या शेंड्यांवर विखुरलेलं नव्हतं. झाडाची एकच बाजू, वरपासून खालपर्यंत गेली होती. पानं आधी पिवळी पडली होती. खरवडल्यावर जिवंत-मेल्याची ठळक सीमा सापडेना, सगळं अर्धवट सुकलेलं. मग खाली बघितलं. पावसाळ्याआधी अंगणात काँक्रीट केलेलं, थेट बुंध्याला भिडवून. त्याच बाजूला पाण्याच्या पाइपसाठी चर खणलेला, त्यात मुळं तुटलेली.

झाडाची मुळं श्वास घेतात, त्यांना हवा लागते. बुंध्याभोवती काँक्रीट ओतलं की हवा आणि पाणी दोन्ही बंद. या झाडावर कितीही बुरशीनाशक मारलं तरी उपयोग शून्य. मावशीला सांगितलं, बुंध्यापासून जमेल तितकं, निदान चार फुटांपर्यंत काँक्रीट फोडून माती मोकळी कर. "नुकतेच पैसे घातलेत रे त्यात," ती म्हणाली. पण जानेवारीत तिने ते फोडलं.

तात्पर्य: दोन झाडं, एकच रंग, दोन कारणं. फोटोत दोन्ही सारखीच आली असती.

ॲश झाडाची गोष्ट इथे का?

झाड तोडायची घाई करू नका म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते युरोपात शिकायला मिळतं.

ॲश हे युरोपातलं आपल्या पिंपळ-कडुनिंबासारखं ओळखीचं झाड. आपल्या पारिजातकाच्या आणि मोगऱ्याच्या कुळातलं. क्रिकेटचे स्टंप पूर्वापार याच्या लाकडाचे करत आले आहेत. १९९२ च्या सुमारास पोलंडमध्ये ही झाडं शेंड्याकडून मरू लागली. कारण ठरली पूर्व आशियातून आलेली एक बुरशी, 'हायमेनोसायफस फ्रॅक्सिनियस'. तिच्या मूळ प्रदेशातल्या ॲशच्या जाती तिच्याबरोबर राहायला शिकल्या आहेत. युरोपातली ॲश मात्र तिला कधी भेटलीच नव्हती. गेल्या वर्षीच्या गळून पडलेल्या पानांच्या देठांवर या बुरशीच्या बारीक पांढऱ्या छत्र्या उगवतात, त्यातले बीजाणू वाऱ्याने पानांवर जातात, पानातून देठात, देठातून फांदीत आणि मग खोडात. सालीभोवती वेढा पूर्ण झाला की वरचा भाग मेला.

ब्रिटनमध्ये हा रोग २०१२ मध्ये पक्का झाला. वाऱ्याबरोबरच बाहेरून मागवलेल्या रोपांतूनही तो पसरला. त्याच वर्षी रोपांच्या आयातीवर बंदी आली, पण तोवर उशीर झाला होता. २०१९ च्या एका अभ्यासाने ब्रिटनला या रोगाची किंमत सुमारे १५ अब्ज पौंड मोजावी लागेल असा अंदाज मांडला. ही रक्कम गेलेल्या लाकडाची नाही. रस्त्याकडेची धोकादायक झाडं उतरवण्याचा खर्च आणि झाडं हवा-पाण्यासाठी जे काम फुकट करत होती ते थांबल्याचं नुकसान, यांचा त्यात मोठा वाटा आहे.

तंत्रज्ञानाच्या बाजूने तिथे बरंच काही झालं. लोकांनी फोनवरून रोगी झाडांचे फोटो आणि ठिकाण पाठवावं म्हणून ॲप निघालं. २०१३ मध्ये नॉर्विचच्या सेन्सबरी प्रयोगशाळेने 'फ्रॅक्सिनस' नावाचा फेसबुकवरचा खेळ आणला. खेळणारे रंगीत पानांच्या रांगा जुळवायचे. त्या रांगा म्हणजे डीएनएची खरी माहिती होती. खेळता खेळता लोक शास्त्रज्ञांचं काम करत होते.

पण सगळ्यात मोलाची गोष्ट झाडांनीच दाखवली. आजूबाजूची झाडं मरत असताना थोडी झाडं तग धरून राहिली. संशोधकांनी अशा झाडांच्या फांद्या कलम करून त्यांचा संग्रह उभा केला. २०२५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लंडनच्या क्यू उद्यानाच्या आणि क्वीन मेरी विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी पुढची गोष्ट सांगितली. सरे परगण्यातल्या एका जंगलात, रोग आल्यानंतर उगवलेल्या ॲशच्या पिढीत रोगाला तोंड देणारे जनुकीय बदल जुन्या पिढीपेक्षा जास्त आढळले. निसर्गाची निवड चालू होती.

आता विचार करा: रोग दिसताच सगळी झाडं सरसकट तोडली असती, तर ही तग धरणारी झाडंही गेली असती. निवड करायला काही उरलंच नसतं. कडुनिंबाचा रोग ॲशइतका जीवघेणा नाही, म्हणून आपल्याला थांबणं आणखी सोपं आहे. गावात दहा कडुनिंब वाळले आणि दोन हिरवेगार राहिले, तर त्या दोघांची नोंद ठेवा. पुढच्या रोपांसाठी निंबोळ्या त्यांच्याखालच्या गोळा करा.

मग करायचं काय?

• पाऊस थांबल्यावर, कोरड्या हवेत, वाळलेले शेंडे कापा. जिवंत भागात वीतभर आत येऊन काप घ्या. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री स्पिरिटने पुसा.

• कापलेल्या आणि खाली पडलेल्या काड्या बुंध्याशी ठेवू नका. पुढच्या पावसाळ्यात रोग तिथूनच वर चढतो. त्या पुरा किंवा चुलीत घाला.

• उन्हाळ्यात मोठ्या झाडालाही महिन्यातून एक-दोनदा भरपूर, खोलवर पाणी द्या. पाणी बुंध्याशी नको, फांद्यांच्या घेराखाली द्या. ताण पडलेलं झाड रोगापुढे लवकर हरतं.

• मोठ्या झाडावर बुरशीनाशक फवारायच्या फंदात पडू नका. ते वरपर्यंत पोचत नाही. विहिरीवर, गोठ्यावर आणि मधमाश्यांवर मात्र पोचतं. रोपांसाठी आणि लहान झाडांसाठी कृषी विभागाच्या सल्ल्याने फवारणी करता येते. फवारलेल्या झाडाची पानं पाडव्याला तोंडात घालू नका.

• वृक्षारोपणासाठी रोपं घेताना शेंडे बघा. टोकाला काळपट वाळलेलं रोप फुकट मिळालं तरी घेऊ नका.

• रस्त्यावर, घरावर किंवा विजेच्या तारेवर आलेली मेलेली जाड फांदी मात्र ठेवू नका. ती माहीतगार माणसाकडून उतरवून घ्या. थांबायचं ते झाडासाठी, डोक्यावर लटकणाऱ्या लाकडासाठी नाही.

• निकाल पालवीला द्या. जिथे नखाखाली हिरवं होतं तिथे वैशाखापर्यंत पालवी आली नाही, तर मग तोडण्याचा विचार करा.

फेब्रुवारीत मामांच्या झाडाने उरलीसुरली पानंही टाकली. मामांचा पुन्हा फोन, "बघ, आता पुरा गेला." मी म्हटलं, "पानगळ आहे मामा, दर वर्षीच होते. नखाने बघा." त्यांनी बघितलं. हिरवं होतं.

पाडव्याच्या आठवडाभर आधी सुतळीच्या खालून तांबूस कोंब निघाले. पाडव्याला मामांनी गुढीची डहाळी त्याच झाडाची घेतली आणि फोटो पाठवला. झाड अजून अर्धंच भरलंय, शेंड्याला टक्कल आहे. येत्या पावसाळ्यात रोग पुन्हा डोकं काढेल आणि सुतळ्या पुन्हा बांधाव्या लागतील. मावशीच्या झाडाची एक बाजू मात्र अजून सुकीच आहे. तिथे वैशाख संपेपर्यंत थांबायचं ठरलंय.

तुमच्या दारातला कडुनिंब वाळलेला दिसत असेल, तर आज फोटो काढायच्या आधी एक फांदी खरवडून बघा.